दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१७ जानेवारी १९०५ – १९८६) हे महाराष्ट्रातील एक गणितज्ञ आणि शालेय शिक्षक होते. अंकशास्त्रातील, विशेषतः दशमान पद्धतीत लिहिलेल्या संख्यांच्या गुणधर्मांवरील कामासाठी ते ओळखले जातात. ६१७४ ही संख्या त्यांच्या नावाने ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. कापरेकर संख्या, स्वयंभू (देवळाली) संख्या, हर्षद संख्या आणि डेम्लो संख्या हे संख्यांचे वर्गही त्यांनीच अभ्यासासाठी पुढे आणले. त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतलेले नव्हते आणि कोणत्याही विद्यापीठात वा संशोधनसंस्थेत त्यांनी काम केले नाही. नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळेत गणित शिकवत त्यांनी हे सर्व संशोधन केले. गणिताच्या आनंदात रमलेले म्हणून ते ‘गणितानंद’ या नावाने ओळखले जात.

बालपण आणि शिक्षण

कापरेकर यांचा जन्म मुंबईच्या उत्तरेस सुमारे १०० किलोमीटरवर, समुद्रकिनारी वसलेल्या डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले आणि पुढे वडिलांनीच त्यांचा सांभाळ केला. वडील कारकून होते व त्यांना फलज्योतिषाची आवड होती. पत्रिका मांडण्यासाठी उच्च गणित लागत नसले तरी आकडेमोड भरपूर करावी लागते. आकडेमोडीची गोडी मुलाला वडिलांकडूनच लागली.

त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाणे येथे झाले. शालेय वयातही गणिती कोडी सोडवण्यात ते तासन्‌तास घालवत. १९२३ मध्ये त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. केंब्रिज विद्यापीठात १८९९ साली ‘सीनियर रँग्लर’ हा मान मिळवणारे पहिले भारतीय रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र गणिती कामासाठी त्यांच्या नावाने दिले जाणारे रँग्लर परांजपे गणित पारितोषिक कापरेकर यांना १९२७ मध्ये मिळाले. १९२९ मध्ये त्यांनी बी.एस्‌सी. पदवी घेतली. औपचारिक शिक्षण त्यांनी येथेच थांबवले.

देवळालीतील अध्यापन

पदवीनंतर ते देवळाली येथे शाळेत गणिताचे शिक्षक झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. देवळाली हे नाशिकजवळचे लष्करी छावणीचे गाव होय. मोठे ग्रंथालय, संशोधन करणारे सहकारी किंवा नियमितपणे येणारी परदेशी नियतकालिके यांपैकी काहीही हाताशी नसताना त्यांनी कागद, पेन्सिल आणि आकडेमोड एवढ्याच साधनांवर काम चालू ठेवले. वर्गातही ते संख्यांच्या गमतींमधून मुलांना गणिताकडे वळवत. आसपासच्या महाविद्यालयांतून त्यांना व्याख्यानांसाठी बोलावणी येत.

त्यांचे काही लेख गणिताच्या नियतकालिकांतून छापून आले. बरेचसे काम मात्र त्यांनी स्वखर्चाने छापलेल्या छोट्या पुस्तिकांतून प्रसिद्ध केले. या पुस्तिकांवर प्रकाशक म्हणून लेखकाचेच नाव आणि देवळालीतील खारेसवाडा हा पत्ता असे. आवर्ती दशांश अपूर्णांकांमधील अंकांच्या चक्रांवरील त्यांची पुस्तिका अशाच प्रकारे १९५० मध्ये निघाली.

डेम्लो संख्या

कापरेकर यांनी अभ्यासलेल्या सुरुवातीच्या संख्यांपैकी डेम्लो संख्या या एक होत. जुन्या जी.आय.पी. रेल्वेवरील डोंबिवली स्थानकाच्या त्या काळातील नावावरून त्यांनी हे नाव दिले. या संख्यांची कल्पना त्यांना तेथेच सुचली होती. डेम्लो संख्येचे डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग पडतात. मधल्या भागात एकच अंक पुन्हा पुन्हा येतो, आणि डावा व उजवा भाग मिळवले असता त्याच अंकाची आवृत्ती असलेली संख्या मिळते. उदाहरणार्थ, १६५ मध्ये १ आणि ५ यांची बेरीज ६ येते. २५५३ मध्ये २ आणि ३ यांची बेरीज ५ येते. ४७७७३ मध्ये ४ आणि ३ यांची बेरीज ७ येते.

या संख्या केवळ एक या अंकाने बनलेल्या संख्यांशी जोडलेल्या आहेत. २३ ला १११ ने गुणल्यास २५५३ आणि ११११ ने गुणल्यास २५५५३ मिळतात. अशा संख्यांचे वर्ग म्हणजे १, १२१, १२३२१, १२३४३२१ या चढत्या-उतरत्या संख्या. त्यांना कापरेकर ‘अद्‌भुत डेम्लो संख्या’ म्हणत. या विषयावरील त्यांचा लेख १९३८ मध्ये ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात आला.

कापरेकर स्थिरांक

कापरेकर यांचे सर्वांत प्रसिद्ध काम ६१७४ या संख्येसंबंधी आहे. त्यांनी ते १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडले. त्याची कृती प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्यालाही करता येते. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी आणि चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान संख्या तयार करावी. मोठीतून लहान वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच कृती करावी. उत्तरात चारपेक्षा कमी अंक आल्यास डावीकडे शून्य लिहून चार अंक पुरे करावेत.

३५२४ पासून सुरुवात केल्यास:

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४
७६४१ − १४६७ = ६१७४

६१७४ आल्यावर उत्तर बदलत नाही. कोणत्याही संख्येपासून सुरुवात केली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. कापरेकर यांचे जन्मवर्ष १९०५ घेतल्यास सातही पायऱ्या लागतात: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४.

हा योगायोग नाही. अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड असे मानल्यास वजाबाकीचे उत्तर नेहमी ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) एवढे येते. म्हणजे उत्तर चारही अंकांवर स्वतंत्रपणे अवलंबून नसून केवळ दोन फरकांवर अवलंबून असते. पहिला फरक १ ते ९ यांपैकी असतो आणि दुसरा फरक पहिल्यापेक्षा मोठा असू शकत नाही. त्यामुळे एकूण ५४ जोड्याच संभवतात. याचा अर्थ असा की, हजारो चार अंकी संख्या पहिल्याच पायरीत फक्त ५४ उत्तरांवर येऊन थांबतात. या ५४ उत्तरांचा पुढील प्रवास तपासला की सर्वांचा शेवट ६१७४ मध्येच होतो हे सिद्ध होते.

तीन अंकी संख्यांसाठी अशीच स्थिर संख्या ४९५ आहे. दोन अंकी संख्यांत स्थिर संख्या मिळत नाही. तेथे ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे चक्र चालू राहते. पाच अंकी संख्यांतही एकच एक शेवट नसून तीन वेगवेगळी चक्रे आहेत. सहा अंकी संख्यांत ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन स्थिर संख्या असून त्यांखेरीज एक चक्रही आहे. सर्व संख्यांना सामावून घेणारा एकमेव स्थिरांक तीन आणि चार अंकी संख्यांतच दिसतो, म्हणून ६१७४ ला विशेष महत्त्व आले.

कापरेकर संख्या

एखाद्या संख्येचा वर्ग करून त्याचे दोन भाग पाडले आणि त्या भागांची बेरीज मूळच्या संख्येएवढी आली, तर त्या संख्येला कापरेकर संख्या म्हणतात. उजव्या भागात मूळच्या संख्येइतकेच अंक घेतात. ९ चा वर्ग ८१ असून ८ + १ = ९ येते. ४५ चा वर्ग २०२५ असून २० + २५ = ४५ येते. ५५ चा वर्ग ३०२५ (३० + २५ = ५५), २९७ चा वर्ग ८८२०९ (८८ + २०९ = २९७) आणि ७०३ चा वर्ग ४९४२०९ (४९४ + २०९ = ७०३) ही आणखी काही उदाहरणे होत.

वरवर पाहता ही आकड्यांची गंमत वाटते. तिच्या मुळाशी मात्र विभाज्यतेचा नियम आहे. दोन अंकी संख्या कापरेकर संख्या असेल, तर ती संख्या आणि तिच्याहून एकने लहान असलेली संख्या यांच्या गुणाकाराला ९९ ने निःशेष भाग जातो. ४५ × ४४ = १९८०, म्हणजे ९९ ची २० पट; आणि ५५ × ५४ = २९७०, म्हणजे ९९ ची ३० पट. २० आणि ३० हेच अनुक्रमे त्या वर्गांचे डावे भाग आहेत. तीन अंकी संख्यांत ९९ च्या जागी ९९९ येते. ९९९ चे २७ आणि ३७ असे अवयव पडतात. २९७ ला २७ ने आणि २९६ ला ३७ ने भाग जातो. ७०३ ला ३७ ने आणि ७०२ ला २७ ने भाग जातो. २९७ आणि ७०३ यांची बेरीज १०००, तसेच ४५ आणि ५५ यांची बेरीज १०० येते, त्याचेही कारण हेच आहे. कापरेकर संख्या शोधणे म्हणजे ९, ९९, ९९९ अशा संख्यांचे परस्परांशी सामाईक अवयव नसलेले दोन भाग पाडणे, हा संबंध डग्लस इयानुची यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या लेखात पूर्णपणे उलगडून दाखवला.

स्वयंभू संख्या

कापरेकर यांच्या कामातील सर्वांत सखोल भाग स्वयंभू संख्यांचा मानला जातो. त्यांच्या गावावरून या संख्यांना देवळाली संख्या असेही म्हणतात. १९६३ मध्ये देवळालीहून निघालेल्या पुस्तिकेत त्यांनी या संख्यांचे गणित मांडले.

कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की एक नवी संख्या मिळते. ४७ मध्ये ४ + ७ = ११ मिळवल्यास ५८ येते, ५८ पासून ७१, ७१ पासून ७९, ७९ पासून ९५ आणि ९५ पासून १०९. ही साखळी कधीच संपत नाही. येथे ४७ ही ५८ ची ‘जनक’ संख्या होय. कापरेकर यांनी उलट दिशेने प्रश्न विचारला: प्रत्येक संख्येला जनक असतो काय? उत्तर नकारार्थी आहे. ५३ कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून येत नाही. ज्या संख्येला जनक नाही ती स्वयंभू.

इरॅटोस्थेनीसच्या चाळणीशी साम्य

स्वयंभू संख्या शोधण्याची सर्वांत सोपी रीत मूळ संख्या शोधण्याच्या प्राचीन रीतीशी मिळतीजुळती आहे. ती प्राचीन रीत इ.स.पू. तिसऱ्या शतकातील ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनीस याच्या नावाने ओळखली जाते. उत्तर आफ्रिकेतील सायरीनी येथे जन्मलेला इरॅटोस्थेनीस अलेक्झांड्रियाच्या प्रसिद्ध ग्रंथालयाचा प्रमुख होता. उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवशी दोन ठिकाणी पडणाऱ्या सूर्यकिरणांच्या कोनातील फरकावरून त्याने पृथ्वीचा परीघ मोजला. त्याच्या चाळणीचे वर्णन पुढे निकोमॅकस या ग्रीक लेखकाच्या अंकगणितावरील ग्रंथात आले.

या चाळणीत २ पासून १०० पर्यंतच्या संख्या ओळीने लिहितात. २ ठेवून २ च्या पटीतील बाकी सर्व संख्या खोडतात. मग ३ ठेवून ३ च्या पटी खोडतात. नंतर ५ च्या आणि ७ च्या. दोन संख्यांच्या गुणाकाराने १०० पर्यंतची संख्या बनत असेल, तर त्या दोहोंपैकी एक तरी १० किंवा त्याहून लहान असतेच. त्यामुळे ७ नंतर थांबले तरी चालते. खोडायच्या राहिलेल्या २५ संख्या म्हणजे १०० पर्यंतच्या मूळ संख्या.

स्वयंभू संख्यांसाठीही १ ते १०० संख्या लिहाव्यात. १ मध्ये १ मिळवून येणारे २ खोडावे. २ पासून ४, ३ पासून ६, १० पासून ११, ११ पासून १३ असे प्रत्येक संख्येपासून मिळणारे उत्तर खोडत जावे. जनक नेहमीच लहान असतो, म्हणून १०० च्या पुढे पाहण्याची गरज नाही. शेवटी १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७ या तेरा संख्या उरतात.

दोन्ही रीतींमागील विचार एकच आहे: जे बनवता येते ते बाजूला काढायचे आणि जे बनवता येत नाही ते शिल्लक ठेवायचे. इरॅटोस्थेनीसच्या चाळणीत बनवण्याची क्रिया गुणाकाराची आहे, तर कापरेकर यांच्या चाळणीत ती अंकांच्या बेरजेची आहे. दोन्ही चाळण्यांत शिल्लक राहणाऱ्या संख्या अनंत आहेत. त्यांच्या विखुरण्यात मात्र फरक आहे. मूळ संख्या जसजसे पुढे जावे तसतशा विरळ होत जातात. स्वयंभू संख्यांचे प्रमाण मात्र शून्याकडे झुकत नाही. ३, ५, ७, ३१, ५३ आणि ९७ या संख्या दोन्ही चाळण्यांतून शिल्लक राहतात.

कापरेकर यांची कसोटी

मोठी संख्या स्वयंभू आहे की नाही हे ठरवण्यासाठी संपूर्ण चाळणी लावणे शक्य नसते. त्यासाठी कापरेकर यांनी एक थेट कसोटी दिली. दिलेल्या संख्येच्या अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करत जावी. आलेला अंक सम असेल तर त्याची निमपट घ्यावी; विषम असेल तर त्यात ९ मिळवून निमपट घ्यावी. हे उत्तर दिलेल्या संख्येतून वजा करावे आणि आलेली संख्या तिची जनक आहे काय ते पाहावे. नसल्यास आणखी ९ वजा करून पुन्हा पाहावे. दिलेल्या संख्येत जितके अंक असतील तितक्या वेळा पाहूनही जनक सापडला नाही तर ती संख्या स्वयंभू ठरते.

६२ चे उदाहरण घेतल्यास ६ + २ = ८ आणि त्याची निमपट ४ येते. ६२ − ४ = ५८; ५८ पासून ७१ मिळते, ६२ नाही. आणखी ९ वजा केल्यास ४९ येते आणि ४९ + ४ + ९ = ६२. म्हणून ६२ स्वयंभू नाही. ७५ बाबत ७ + ५ = १२ आणि १ + २ = ३. ३ विषम असल्याने त्यात ९ मिळवून निमपट ६ घ्यावी. ७५ − ६ = ६९ पासून ८४ आणि त्यापुढील ६० पासून ६६ मिळते. दोन्ही वेळा ७५ येत नाही, म्हणून ७५ स्वयंभू आहे. कोणत्याही संख्येला आणि तिच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागल्यास बाकी सारखीच उरते, या शाळेत शिकवल्या जाणाऱ्या नियमावर ही कसोटी उभी आहे. तिच्यामुळे दहा अंकी संख्येसाठीही दहापेक्षा अधिक वेळा तपासावे लागत नाही.

एकाहून अधिक जनक

काही संख्यांना एकापेक्षा जास्त जनक असतात. अशी सर्वांत लहान संख्या १०१ आहे. ती ९१ पासूनही येते आणि १०० पासूनही. तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या चौदा अंकी आहे: १०,०००,०००,०००,००१. तिचे जनक १०,०००,०००,०००,०००, ९,९९९,९९९,९९९,९०१ आणि ९,९९९,९९९,९९९,८९२ हे होत. ही संख्या कापरेकर यांनी संगणकाच्या मदतीशिवाय शोधली. दोन जनक असलेली संख्या केवळ तीन अंकी असताना तीन जनकांसाठी चौदा अंकांपर्यंत जावे लागते, ही झेप संख्या एकेक करून तपासत गेल्यास हाताने कधीच गाठता आली नसती.

हर्षद संख्या

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला कापरेकर यांनी ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी, असे संस्कृत नाव दिले. १२, १८, २१ या लहान हर्षद संख्या होत. श्रीनिवास रामानुजन यांच्या नावाशी जोडली गेलेली १७२९ ही संख्याही हर्षद आहे; तिच्या अंकांची बेरीज १९ असून १९ × ९१ = १७२९. खुद्द ६१७४ च्या अंकांची बेरीज १८ असून १८ × ३४३ = ६१७४, म्हणजे तीही हर्षद आहे.

पाश्चात्त्य लेखनात या संख्यांना इव्हान निव्हेन या गणितज्ञाच्या नावानेही ओळखतात. त्यांनी १९७७ मध्ये एका व्याख्यानात त्यांचा उल्लेख केला होता. लागोपाठच्या जास्तीत जास्त वीसच संख्या हर्षद असू शकतात, हे कूपर आणि केनेडी यांनी १९९३ मध्ये सिद्ध केले.

जादूचे चौरस

कापरेकर यांनी जादूच्या चौरसांवरही काम केले. निकोलस कोपर्निकस याच्या जन्माला १९७३ मध्ये पाचशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने रचलेल्या ‘कोपर्निकस जादूच्या चौरसा’वरील त्यांचा लेख १९७४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ हिस्टरी ऑफ सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

उपेक्षा आणि टीका

कापरेकर यांच्या हयातीतील बहुतांश काळ भारतातील अनेक व्यावसायिक गणितज्ञांनी त्यांचे काम क्षुल्लक मानले. या भूमिकेमागे एक तात्त्विक आक्षेप होता. संख्येचे अंक हे तिच्या लेखनपद्धतीवर अवलंबून असतात. मूळ संख्या कोणत्याही पद्धतीत लिहिली तरी मूळच राहते. ५३ चे स्वयंभूपण मात्र दहाच्या पायावर लिहिल्यामुळे आहे. ब्रिटिश गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात, ८७१२ आणि ९८०१ या चार अंकी संख्या आपल्याच उलट्या क्रमातील संख्यांच्या पटीत आहेत, यासारख्या गुणधर्मांना कोड्यांच्या सदरापुरते मानले होते. गंभीर गणितात त्यांनी अशा गोष्टींना स्थान दिले नाही. कापरेकर यांचे बरेचसे काम याच प्रकारात मोडत होते.

हा आक्षेप पूर्णपणे चुकीचा नाही. त्याला मर्यादा मात्र आहेत. कापरेकर यांनी विचारलेले प्रश्न दहाच्या पायापुरते बांधलेले नाहीत. दोन, आठ किंवा सोळा यांच्या पायावरही जनक नसलेल्या संख्या कोणत्या आणि किती, असा प्रश्न विचारता येतो, आणि पाया बदलला की उत्तर कसे बदलते हाच अभ्यासाचा विषय ठरतो. कापरेकर संख्यांचा अवयवांशी असलेला संबंध कोणत्याही पायावर टिकतो. ६१७४ ची कृती तर एकच नियम पुन्हा पुन्हा लावल्यावर संख्या कोठे स्थिरावतात आणि कोठे चक्रात अडकतात, या व्यापक प्रश्नाचे सोपे उदाहरण आहे. एखादा गुणधर्म सांगायला सोपा असला म्हणून त्यामागील कारणही उथळ असते असे नाही, हे पुढील गणितज्ञांच्या कामातून स्पष्ट झाले.

निवृत्तीनंतरचा काळ आणि आंतरराष्ट्रीय ओळख

१९६२ मध्ये कापरेकर निवृत्त झाले. १९६६ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. त्यांची राहणी अत्यंत साधी होती, तरीही निवृत्तिवेतन पुरत नसल्याने त्यांना गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. संख्यांवरील काम मात्र थांबले नाही.

१९७४ मध्ये बर्नार्दो रेकामान यांनी एका अमेरिकी गणित नियतकालिकात स्वयंभू संख्यांविषयी प्रश्न मांडला. रेकामान कोलंबियाचे असल्याने या संख्यांना ‘कोलंबियन संख्या’ हे नावही पडले. एकच कल्पना दोन दूरच्या देशांत स्वतंत्रपणे सुचावी, हे तिच्या स्वाभाविकपणाचे लक्षण मानले जाते.

मार्च १९७५ हा कापरेकर यांच्या आयुष्यातील वळणाचा टप्पा ठरला. अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील गणिती खेळांच्या आपल्या सदरात कापरेकर आणि त्यांच्या स्वयंभू संख्या यांविषयी लिहिले. हे सदर जगभरातील गणितप्रेमी आणि व्यावसायिक गणितज्ञही वाचत. त्या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते. देवळालीत स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांतील कल्पना आता परदेशांतील नियतकालिकांत चर्चिल्या जाऊ लागल्या. १९८६ मध्ये कापरेकर यांचे निधन झाले.

वारसा

कापरेकर यांच्या कल्पनांवर त्यांच्या हयातीत आणि नंतरही संशोधन होत राहिले. स्वयंभू संख्यांच्या वितरणावर उंबेर्तो झानियर यांचा लेख १९८२ मध्ये आला. हर्षद आणि कापरेकर संख्यांवरील १९९३ व २००० मधील निष्कर्षांचा उल्लेख वर आला आहे. ६१७४ ची कृती आज अनेक देशांत शालेय गणिताच्या तासाला आणि संगणक कार्यक्रमलेखनाच्या सुरुवातीच्या सरावासाठी वापरली जाते. एक नियम पुन्हा पुन्हा लावणे, उत्तर तपासणे आणि थांबण्याची अट ओळखणे या तिन्ही गोष्टी विद्यार्थ्याला तिच्यातून एकत्र शिकता येतात.

गणिताच्या इतिहासात कापरेकर यांचे स्थान मोठे सिद्धान्त मांडणाऱ्यांपेक्षा चांगले प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये आहे. त्यांनी दिलेल्या बहुतेक व्याख्या पाचवी-सहावीच्या विद्यार्थ्याला समजतात. त्या व्याख्यांमागील कारणे शोधताना मात्र विभाज्यता, मूळ अवयव आणि संख्यांचे वितरण या अंकशास्त्राच्या मुख्य विषयांपर्यंत जावे लागते.